शेततळ्याच्या हिरव्या पाण्यात कोण उरतं?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सिन्नरहून मामांचा फोन आला. ठिबकचा फिल्टर दिवसातून तीन-तीनदा उघडून धुवावा लागत होता, तरी डाळिंबाच्या टोकाच्या ओळींना पाणी पोचत नव्हतं. "शेततळ्याचं पाणी पार हिरवंगार झालंय. औषधाच्या दुकानात विचारलं तर म्हणतात मोरचूद टाका, दोन दिवसांत पाणी नितळ. टाकू का?" मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे झाडापानांचे आणि शेवाळाचे प्रश्न घरातून माझ्याकडेच येतात. मी म्हटलं, "मामा, रविवारपर्यंत थांबा. आधी पाण्यात कोण आहे ते बघू, मग काय टाकायचं ते ठरवू."

'कोण' असंच मी म्हटलं. आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो ती खरं तर एक वस्ती असते. कित्येक जातींची, उजेडासाठी आणि खतासाठी एकमेकांशी झगडणारी. ऊन वाढलं, पाणी आटलं, खत सांडलं, क्षार चढले, की या वस्तीतले काही नाहीसे होतात, काही दबून बसतात आणि एखादा सगळं तळं ताब्यात घेतो. पाण्याचा रंग बदलतो तो त्यामुळे. कोण उरलंय हे नीट पाहिलं, तर तळ्यावर कशाचा ताण आहे हे पाणीच सांगून टाकतं.

रविवारी सकाळी सहाला मी तळ्यावर होते. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, आत प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं नेहमीचं शेततळं. काठोकाठ भरलं तर सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. त्या दिवशी निम्म्याच्याही खाली होतं. वारा जिकडे ढकलत होता त्या कोपऱ्यात तवंग साचला होता, पोपटी रंगाचा, आणि काठाला वाळलेल्या भागावर निळसर झाक. काडीने ढवळलं तर बारीक रव्यासारखे कण वेगळे दिसत होते. मी काचेची एक बाटली पाण्याने भरून मोटारीच्या खोलीच्या खिडकीत ठेवली आणि मामांना सांगितलं, हिला कोणी हलवू नका. मग एक थेंब काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली ठेवला.

चारशे पट मोठं करून पाहिलं तर सगळीकडे एकच दृश्य. वेड्यावाकड्या आकाराचे चिकट, पारदर्शक गोळे, आणि त्यांच्यात शेकडो गोल पेशी खच्चून भरलेल्या. प्रत्येक पेशीत काळपट ठिपके. या शेवाळाचं नाव मायक्रोसिस्टिस. दुसरं कोणी शोधायला मला काचपट्टी बराच वेळ सरकवावी लागली.

हेच तळं मी संक्रांतीला पाहिलं होतं. तेव्हा पाणी किंचित तपकिरी होतं आणि एका थेंबात पंधरा-वीस प्रकार सहज मोजता आले होते. त्या वस्तीची थोडी ओळख करून देते, कारण पुढची गोष्ट त्यांच्याच नशिबाची आहे.

सगळ्यांत देखणे डायाटम. मराठीत यांना करंडकही म्हणतात आणि ते नाव अगदी चपखल आहे: झाकण आणि डबी असं दोन भागांचं कवच, तेही सिलिकाचं, म्हणजे ज्यापासून काच बनते त्याच द्रव्याचं. कवचावर इतकी नेमकी नक्षी असते की पूर्वीचे लोक आपल्या मायक्रोस्कोपची भिंगं तपासायला डायाटम वापरत. थंड, हलतं पाणी यांना मानवतं. दुसरी हिरवी शेवाळं. यात साधे गोळे असलेला क्लोरेला येतो, चार-चार पेशींच्या ओळी करणारा सेनेडेस्मस येतो आणि चंद्रकोरीसारखा क्लोस्टेरियमही. क्लोस्टेरियमच्या दोन्ही टोकांना एकेक लहान पोकळी असते आणि तिच्यात बारीक स्फटिक सतत थरथरत असतात. वर्गातल्या मुलांना हे दाखवलं की भिंगावरून डोळा हलत नाही. तिसरी युग्लिनासारखी पोहणारी मंडळी, ज्यांना सडणाऱ्या काडीकचऱ्याचं पाणी आवडतं. आणि चौथी नीलहरित शेवाळं. ही मुळात शेवाळं नाहीतच, ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. पण सूर्यप्रकाशावर अन्न बनवतात, वनस्पतींसारखाच ऑक्सिजन सोडतात आणि वस्तीत शेजारी म्हणून राहतात, म्हणून सगळे त्यांना शेवाळातच धरतात. मायक्रोसिस्टिस यांच्यातलाच.

एकाच पाण्यात, त्याच मोजक्या पोषकद्रव्यांवर इतक्या जाती एकत्र नांदतात कशा, हा प्रश्न जी. एव्हलिन हचिन्सन या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये फार नेमकेपणाने विचारला होता. हेच हचिन्सन १९३२ मध्ये येल विद्यापीठाच्या मोहिमेबरोबर लडाखच्या सरोवरांवर काम करून गेले होते. हिशेबाने पाहिलं तर सगळ्यांत तगडी जात बाकीच्यांना उपाशी मारून एकटी उरायला हवी. तसं होत नाही, याचं त्यांनी पुढे केलेलं एक कारण मला अजूनही सगळ्यांत पटतं: कोणी एक जिंकायच्या आत परिस्थितीच बदलते. आज ढग आले, उजेडाची कमी सोसणाऱ्याचं फावलं. उद्या वारा सुटला, तळाशी बसलेला डायाटम वर आला. परवा पाऊस पडला, सगळा डाव नव्याने मांडला. थोडा, येणारा-जाणारा ताण वस्तीला भरलेली ठेवतो.

गडबड होते ती ताण एकाच दिशेने, दिवसेंदिवस, न थांबता पडत राहिला की. मग तो चाळणीसारखं काम करतो. ज्याच्याकडे त्या ताणावरची युक्ती आहे तो चाळणीवर राहतो, बाकीचे गळून जातात. उरलेल्याला आता वाटेकरीच नसतात, म्हणून तो बेसुमार वाढतो. मामांच्या तळ्यात एप्रिलपर्यंत अशा तीन-चार चाळण्या एकावर एक लागल्या होत्या.

पहिली चाळणी खताची. ताण म्हटला की आपल्याला काहीतरी कमी पडणं आठवतं, पण वस्तीसाठी अतिभरणा हाही ताणच. मामांनी दिवाळीनंतर तळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडली होती. माशांना खायला प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, तयार व्हावेत म्हणून शेण आणि सुपर फॉस्फेट टाकायची पद्धत आहे, त्याप्रमाणे त्यांनीही टाकलं. ५० किलोच्या सुपर फॉस्फेटच्या गोणीत शुद्ध फॉस्फरस असतो साधारण साडेतीन किलो. ऐकायला थोडा वाटतो. पण आल्फ्रेड रेडफील्ड यांनी समुद्राच्या पाण्यावर काम करून दाखवलं होतं की तरंगत्या शेवाळाच्या अंगात फॉस्फरसच्या एका अणूमागे नायट्रोजनचे १६ आणि कार्बनचे १०६ अणू असतात. वजनात मांडलं तर १ ग्रॅम फॉस्फरसच्या जोरावर सुमारे ४० ग्रॅम कार्बन बांधला जातो, आणि वाळलेल्या शेवाळात कार्बन निम्म्याच्या आसपासच असतो. म्हणजे गोणीतला सगळा फॉस्फरस शेवाळाच्या वाट्याला गेला, तर तीनेकशे किलो वाळलेलं शेवाळ उभं राहू शकतं. ओल्या शेवाळाचं वजन याच्या कितीतरी पट. मामांनी हा आकडा ऐकला आणि गप्प बसून तळ्याकडे बघत राहिले.

फॉस्फरसच का, नायट्रोजन का नाही? याचं उत्तर कॅनडातल्या एका तळ्याने दिलं. ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठीच राखून ठेवलेल्या तळ्यांचा एक मोठा परिसर आहे. तिथलं २२६ क्रमांकाचं तळं मधेच निमुळतं होतं. १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या अरुंद जागी जाड पडदा लावून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकला. दुसऱ्या भागात तेच दोन्ही, वर फॉस्फरस. विमानातून काढलेला फोटो आजही शिकवताना दाखवतात: पडद्याच्या एका बाजूला गडद स्वच्छ पाणी, दुसऱ्या बाजूला फिकट हिरवी साय. साबणाच्या पावडरमधून फॉस्फेट कमी करायचे नियम पुढे अनेक ठिकाणी आले, त्यामागे या फोटोचा मोठा हात आहे.

शेजारच्या २२७ क्रमांकाच्या तळ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. तिथे १९९० पासून नायट्रोजन घालणं बंद केलं, फक्त फॉस्फरस चालू ठेवला. तरी हिरवा बहर येतच राहिला, फक्त बहर धरणारे बदलले. काही नीलहरित शेवाळांच्या माळेत मधेमधे एक जाड भिंतीची फिकट पेशी असते. ती हवेतला नायट्रोजन पकडून शेजारच्या पेशींना पुरवते. पाण्यात नायट्रोजन संपला की बाकीचे उपाशी, आणि हे मात्र घरचं खाऊन सुखात. आपल्या भातखाचरांत हीच मंडळी फुकटचं खत देतात, म्हणून तिथे त्यांना मुद्दाम सोडतात. तीच युक्ती तळ्यात त्यांना मक्तेदार करते.

दुसरी चाळणी उन्हाची आणि थांबलेल्या पाण्याची, आणि माझ्या मते मामांच्या तळ्यात निकाल हिनेच लावला. डायाटम जड असतात, काचेचं ओझं घेऊन जगतात. पाणी हलत असेल तरच ते उजेडात राहू शकतात. एप्रिलमध्ये वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं त्या मानाने गार आणि जड राहतं, आणि दोन थर एकमेकांत मिसळेनासे होतात. डायाटम एकदा खाली बसला की अंधारात अडकला. शिवाय पाणी पंचवीस अंशांच्या वर तापलं की बहुतेक डायाटमची वाढ मंदावते, आणि मायक्रोसिस्टिसची तिथून खरी सुरुवात होते.

त्याच्याकडे वर-खाली करायची यंत्रणाच असते. पेशीत दिसलेले ते काळपट ठिपके म्हणजे प्रथिनांच्या सूक्ष्म नळकांड्यांचे जुडगे, आत नुसता वायू. यांच्यामुळे पेशी पाण्यापेक्षा हलकी होते आणि तरंगते. दिवसा उजेडात ती साखर बनवून साठवते, साखरेच्या वजनाने जड होऊन हळूहळू खाली जाते आणि तळाजवळचं खत उचलते. रात्री ती साखर वापरून संपवते, हलकी होते आणि पहाटे पुन्हा वर. म्हणून तवंग पहायचा तर सकाळीच. ऊन वर आल्यावर गेलेल्या माणसाला वाटतं, आज पाणी बरंय. वर साय धरली की खालच्या सगळ्यांचा उजेड बंद. हिरवी शेवाळं चांगली तगडी असतात, पण अंधारात तीही काय करणार?

याच सायीमुळे मासे मरतात. दिवसा शेवाळ इतका ऑक्सिजन सोडतं की पाणी त्याने ओसंडत असतं. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतल्यामुळे पाणी अल्कधर्मी होत जातं, सामू (पीएच) ९ च्याही वर चढतो. हीसुद्धा एक चाळणीच, कारण अशा पाण्यात कार्बन मिळवायची कला नीलहरित शेवाळांना इतरांपेक्षा चांगली साधलेली असते. रात्री मात्र प्रकाश नाही, सगळे फक्त श्वास घेतात, आणि पहाटे चार-पाचच्या सुमाराला ऑक्सिजन तळाला जातो. मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासायला लागतात ते तेव्हा. ढगाळ, वारा पडलेल्या दिवसानंतरची पहाट सगळ्यांत वाईट.

तिसरी चाळणी खाणाऱ्यांची, आणि हिचा विचार फार कमी लोक करतात. पाण्यात डॅफ्निया नावाच्या मोहरीपेक्षा लहान पिसवा असतात. त्या दिवसभर पाणी गाळून शेवाळ खातात. ज्या तळ्यात त्या भरपूर, तिथे पाणी नितळ. शेवाळही यावर उपाय करतं. १९९३ मध्ये एका प्रयोगात असं दिसलं की ज्या पाण्यात डॅफ्निया राहून गेल्या होत्या ते गाळून घेतलेलं नुसतं पाणी सेनेडेस्मसला दिलं, तरी त्याच्या सुट्या पेशी एकत्र येऊन मोठ्या वसाहती करायला लागतात, म्हणजे गिळायला अवघड. खाणारा समोर नाही, फक्त त्याचा वास आला, आणि इवल्याशा पेशीने अंगाचा आकार बदलला! मायक्रोसिस्टिसचे चिकट गोळे तर डॅफ्नियाच्या तोंडात मावतच नाहीत. ती चिमुकली हिरवी शेवाळं वेचून खाते आणि नकळत मायक्रोसिस्टिसची जागा मोकळी करून देते. मासे डॅफ्नियाला खातात ते वेगळंच.

आणि चौथी, आटण्याची. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या पाण्यावरून रोज ८-१० मिलिमीटर सहज उडून जातात. पाणी जातं, क्षार आणि खत मागे राहतात. मामांचं तळं बोअरच्या पाण्याने भरलेलं, मुळातच क्षार जास्त. संक्रांतीला जो चहा होता तो एप्रिलपर्यंत उकळून काढा झाला होता.

क्षारांची चाळणी टोकाला गेली की काय होतं हे पाहायला बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावं. उल्का आदळून बेसाल्ट खडकात पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा, पाण्याला बाहेर जायला वाट नाही, आत येईल ते उडून जायचं आणि क्षार मागे सोडायचं. पाण्याचा सामू १० च्या आसपास. साध्या तळ्यातले जवळजवळ सगळे इथे बाद होतात, आणि ज्याला बाजारात स्पिरुलिना म्हणतात तो आर्थ्रोस्पायरा पाणी हिरवंगार करून सोडतो. जून २०२० मध्ये हे हिरवं सरोवर गुलाबी झालं. पहिल्यांदा अनेकांनी ड्युनालिएला या क्षारप्रेमी शेवाळाकडे बोट दाखवलं, कारण ते लालसर रंगद्रव्य साठवतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासलं तेव्हा निघाले हॅलोआर्किया, शेवाळाहूनही वेगळ्या कुळातले, मिठात रमणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून क्षार वाढले, त्यांची संख्या वाढली आणि त्यांचा रंग पाण्याला चढला. पाऊस पडल्यावर रंग उतरला. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळालं.

लाल रंगाचा हा धडा घराच्या गच्चीवरही मिळतो. पक्ष्यांसाठी पाणी ठेवलेलं मातीचं भांडं विसरून गेलं आणि पाणी आटत गेलं, तर कधी तळाशी रक्तासारखा लाल डाग धरतो. ते हीमॅटोकोकस असू शकतं, जातीने हिरवं शेवाळ. ऊन प्रखर, खायला नाही, पाणी संपत आलंय, असं कळलं की त्याची पेशी पोहणं सोडते, जाड भिंत बांधते आणि आत लाल रंगद्रव्य भरून घेते, उन्हापासून संरक्षण म्हणून. पाणी मिळालं की पुन्हा हिरवी होऊन पोहायला लागते. आटणाऱ्या प्रत्येक डबक्यात असं कोणी ना कोणी आवरून बसलेलं असतं: स्पायरोगायराचे जाड कवचाचे बीजाणू, नीलहरित शेवाळांच्या विश्रांती घेणाऱ्या पेशी. मे महिन्यातला भेगाळलेला गाळ मेलेला दिसतो, पण मृगाचा पाऊस पडल्यावर चार दिवसांत तिथे हिरवी झाक येते ती त्यांच्या जिवावर.

आता मोरचुदाकडे येते. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या घरात बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणासाठी असतंच. तांबं शेवाळाला मारतं हे खरं, आणि दोन दिवसांत पाणी नितळ दिसतं हेही खरं. मग अडचण काय? मेलेल्या शेवाळातला फॉस्फरस कुठे जात नाही, तो पुन्हा पाण्यात उतरतो. डॅफ्निया तांब्याला फार हळवी, शेवाळाबरोबर तीही मरते, म्हणजे पाणी गाळणारंच कोणी राहत नाही. तांबं सोसणारे जे थोडे उरतात त्यांच्यासमोर आयतं ताट वाढलेलं. काही आठवड्यांत पाणी परत हिरवं, आणि पुढच्या वेळी जास्त मोरचूद लागतं. तांबं तर मूलद्रव्य, ते कुजून संपत नाही, गाळात साठत राहतं. आपणच एक नवी चाळणी लावतो आणि तिच्यातून नेमके नको ते पार होतात.

याहून गंभीर गोष्ट विषाची. मायक्रोसिस्टिसच्या अनेक वाणांमध्ये मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार होतं, जे यकृतावर हल्ला करतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पेशी जिवंत असते तोवर बरंचसं विष तिच्या आतच राहतं. मोरचुदाने पेशी फुटल्या की ते एकदम पाण्यात मिसळतं, आणि ते कापडाने गाळून निघत नाही, उकळूनही जात नाही. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडजवळच्या पाम बेटावर हेच झालं. पिण्याच्या पाण्याच्या तलावात शेवाळ माजलं म्हणून कॉपर सल्फेट टाकलं गेलं. काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, यकृत सुजलेलं, उलट्या, त्यांतली बहुतेक मुलं. तिथलं नीलहरित शेवाळ वेगळ्या जातीचं होतं, विषही वेगळं, पण घडण्याची रीत हीच. आफ्रिकेत बोत्स्वानामध्ये २०२० साली ३३० हत्ती मेले, तेव्हाही तिथल्या सरकारने पाणवठ्यांमधल्या नीलहरित शेवाळाच्या विषाकडे बोट दाखवलं. मामांच्या तळ्यावर दोन गायी पाणी प्यायच्या. मी सगळ्यांत आधी तेच बंद करायला लावलं.

एवढं बोलणं होईपर्यंत खिडकीतली बाटली स्थिरावली होती. ही युक्ती कोणालाही करता येते. काचेच्या बाटलीत तळ्याचं पाणी भरायचं, न हलवता काही तास ठेवायचं. हिरवा थर वर जमला तर नीलहरित शेवाळाचा संशय धरायचा, कारण वर तरंगायची कला त्यांच्याकडे आहे. खाली बसला तर बहुधा डायाटम किंवा हिरवी शेवाळं. पक्का निकाल मायक्रोस्कोपच देतो, पण घरच्या घरी इशारा मिळायला बाटली पुरते. मामांच्या बाटलीत बरोबर गळ्याशी पोपटी कडं धरलं होतं. मामी बघायला आल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे तर दुधावरच्या सायीसारखं वर आलंय."

शेवाळाकडे पाहून पाण्याची प्रकृती ओळखणं ही जुनी विद्या आहे. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ मध्येच सांडपाण्यात कुठल्या टप्प्यावर कोणती शेवाळं येतात याची यादी केली होती. पुढे १९६९ मध्ये पामर या अमेरिकी शास्त्रज्ञाने घाण सोसणाऱ्या शेवाळांची क्रमवारी लावली. त्यात सगळ्यांत वर युग्लिना आणि ऑसिलॅटोरिया हे एक नीलहरित शेवाळ. आपल्याकडे एम.एस्सी.ची मुलं गावतळ्यावर प्रकल्प करतात तेव्हा अजूनही पामरचा तक्ता उघडतात. रासायनिक तपासणी त्या क्षणाचं पाणी सांगते. काल रात्री कोणी सांडपाण्याचा टँकर ओतून गेला असेल आणि ते वाहून गेलं असेल, तर बाटलीत सापडणार नाही. वस्तीला मात्र ते लक्षात राहतं, कारण जे मेले ते मेलेलेच असतात.

डायाटमची आठवण तर शेकडो वर्षं टिकते. काचेचं कवच कुजत नाही, थरावर थर गाळात जमत राहतं. १९८० च्या दशकात युरोपात आम्लवर्षेवरून मोठा वाद चालू होता. कोळसा जाळणारे म्हणत, ही तळी मुळातच आम्ल आहेत, आमचा दोष नाही. तेव्हा रिक बॅटरबी आणि सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या तळ्यांतून गाळाचे उभे खांब काढले आणि थराथरातले डायाटम मोजले. खालच्या, जुन्या थरांत साध्या पाण्यातल्या जाती होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर, कारखाने वाढले त्या काळाच्या थरांपासून, त्या हटत गेल्या आणि आम्ल पाण्यात जगणाऱ्या जाती वाढत गेल्या. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण तळ्याने स्वतःच नोंद ठेवली होती. मला या कामाबद्दल फार आदर वाटतो.

मामांनी मोरचूद टाकलं नाही. सुपर फॉस्फेट आणि शेण पूर्ण बंद केलं. सकाळी वारा ज्या कोपऱ्यात साय गोळा करतो तिथून ती जुन्या शेडनेटच्या तुकड्याने ओढून काढली, हातमोजे घालून, आणि लांब खड्ड्यात पुरली. तेवढा फॉस्फरस खरोखर तळ्याबाहेर गेला. मोटारीचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणारं टोक, वरच्या सायीत येत होता, तो ड्रम बांधून मधल्या पाण्यात लटकवला, न वर न तळाशी. तळ्याच्या निम्म्या भागावर तारा ओढून शेडनेट टाकली. सावलीने उजेड कमी झाला आणि पाणी उडणंही. पहाटेसाठी एक लहान पंप लावून पाणी वरून कारंज्यासारखं तळ्यातच सोडायला सुरुवात केली, म्हणजे ऑक्सिजन मिळतो आणि थरही मोडतात. हे उपाय धीमे आहेत. मे महिन्यात पाणी हिरवंच होतं, फिल्टर दिवसातून एकदा तरी धुवावा लागायचाच, आणि एका पहाटे दहा-बारा कटले गेलेच.

मामींनी एक जुनी स्टीलची ताटली पांढऱ्या रंगाने रंगवून सुतळीला बांधून दिली. ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की सुतळी किती भिजली ते मोजायचं. १८६५ मध्ये सेकी नावाच्या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने भूमध्य समुद्रात जहाजावरून हेच केलं होतं आणि जगभर अजूनही तशीच ताटली वापरतात. एप्रिलमध्ये ताटली वीतभर खोलीवर नाहीशी व्हायची. मामा दर रविवारी आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात.

श्रावणात मी परत गेले तेव्हा तळं पावसाच्या पाण्याने भरलं होतं, थोडं गढूळ. ताटली दोन हातांवर दिसेनाशी झाली. खिडकीत मामांनी सकाळीच बाटली भरून ठेवली होती. तळाशी तपकिरी-हिरवट गाळ बसला होता, गळ्याशी अगदी बारीक, केसाएवढं पोपटी कडं. थेंब मायक्रोस्कोपखाली घेतला तर डायाटम होते, सेनेडेस्मस होता, एक डॅफ्निया धडपडत होती, आणि दोन-तीन चिकट गोळेही. मामांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "ती चंद्रकोर कुठाय, तू म्हणत होतीस ती?" मी काचपट्टी हळूहळू सरकवत गेले. सापडली, एक.